वरची बेबी, खालची बेबी

आमच्या गल्लीत तेव्हा चार बेबी होत्या. खान्देशातल्या कुठल्याही गल्लीत तेवढ्या निघाल्याच असत्या. बारशाला एखादं चांगलं नाव ठेवलेलं असायचं. ते शाळेच्या दाखल्यावर लागायचं, पुढे लग्नपत्रिकेत छापलं जायचं, आणि या दोन वेळा सोडल्या तर पेटीतल्या शालूसारखं घडी घालून ठेवलेलं असायचं. घरातली पहिली मुलगी बेबी, दुसरी छोटी. तिसऱ्या मुलीच्या नावाचा विचार करायला कुणाला उसंत नसे. आमच्या चौघींतली एक थोरली, दोन मुलांची आई झालेली, तरी माहेरी आली की बेबीच. एक पाटलांच्या वाड्यातली, तिला आमच्यात खेळायला सोडत नसत. उरलेल्या दोघी म्हणजे ती आणि मी.

आमची घरं एकमेकांना चिकटून होती. मधली भिंत एकच. गल्ली चढाची असल्यामुळे तिचं घर आमच्या घरापेक्षा हातभर वर, म्हणून ती वरची बेबी आणि मी खालची बेबी. पण हाक मारताना एवढा पत्ता कोण घेणार? "ए बेबी!" एवढंच ऐकू यायचं आणि दोघी एकदम "ओ" द्यायचो. मग जी हाताशी सापडेल ती कामाला. त्यांच्या म्हशीची ढेप मी भिजत घातली आहे आणि माझ्या आजीची तपकीर तिने दुकानातून आणली आहे, आणि मधल्या मधे पाच पैशांची गोळी घेऊन अर्धी तोडून मला दिली आहे. मारही असाच वाटून मिळायचा. एकदा माझ्या आईने मला हाणायचं म्हणून पाठमोऱ्या तिलाच धपाटा घातला. ती वळली तेव्हा आई क्षणभर गडबडली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुन्हाबी काही तरी व्हईच." म्हणजे राहू दे, तुझंही काहीतरी असेलच. होतंच.

गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीकाठचं. बोली अहिराणी. पुण्या-मुंबईकडे खान्देश म्हटलं की लोक लगेच "म्हणजे बहिणाबाईंची भाषा" असं कौतुकाने म्हणतात, तेव्हा मी मान डोलावते. पण बहिणाबाई असोद्याच्या. त्यांची बोली तिकडची लेवा गणबोली. आमची निराळी. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात आणि 'मला'ला 'माले'. दोन्हीकडच्या बाया एकमेकींचं सगळं समजून घेतात आणि मागाहून एकमेकींच्या बोलण्याची नक्कल करतात, ते वेगळं.

आम्हा दोघींना कुणी मैत्रिणी म्हटलेलं मला आठवत नाही. वापरात शब्द होता सोबत. मुलीच्या जातीला कुठेही एकटं धाडत नसत. नदीवर धुणं घेऊन जायचंय, सोबत कोण? गिरणीवर ज्वारी न्यायचीय, सोबत कोण? अंधारात परसाकडे जायचंय, तेव्हा तर विचारायलाच नको. घराबाहेर पाऊल पडलं की आतून पहिला प्रश्न यायचा, "कथी चालनी व? सोबत कोन शे?" आणि उत्तर ठरलेलं असायचं, "बेबी शे ना." एवढ्यावर परवानगी मिळायची. मैत्रीण हा शब्द मी पहिल्यांदा लिहिला तो चौथीत, 'माझी आवडती मैत्रीण' या निबंधात. त्यात मी वर्गातल्या एका हुशार, दोन रिबिनी बांधणाऱ्या मुलीबद्दल दीड पान लिहिलं. बेबीबद्दल लिहावं हे मला सुचलंसुद्धा नाही. बेबीने लिहिलं होतं त्याच मुलीबद्दल, कारण तिने माझं बघून लिहिलं होतं.

दोन्ही घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर सागाच्या सऱ्या, त्यावर पाट्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या खाऱ्या मातीचा थर. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गाडीभर खारी आणून धाब्यावर पसरायची, धुम्मसाने चोपायची, तरी मृगाच्या पहिल्या दणक्यात कुठेतरी टपकायचंच. मग त्या जागी पातेलं. आम्हा पोरींना धाब्याचा उपयोग वेगळा होता. आमच्या धाब्यावरून हातभर चढलं की तिचं धाबं, त्यामुळे दाराने जायची गरजच नसे. शिवाय दारात आजी बसलेली असायची आणि ती दिसेल त्याला काम सांगायची. वर धावलं की खाली माती झडायची. ती नेमकी ताटात किंवा माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या डोक्यावर पडायची, आणि ते वर न बघता ओरडायचे, "कोन शे वर?"

"बेबी!"

"कोनती?"

याला उत्तर द्यायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं.

उन्हाळ्यात हे धाबं म्हणजेच घर व्हायचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. दुपारी कुत्रीसुद्धा मोरीच्या ओलीत पोट टेकून पडतात. संध्याकाळी दोन कळशा पाणी धाब्यावर शिंपडायचं, मातीचा वास यायचा, आणि मग गोधड्या टाकायच्या. आमच्या आणि त्यांच्या धाब्यामधल्या त्या हातभर पायरीला उशी करून आम्ही झोपायचो. ती वर, मी खाली, डोकी मात्र शेजारी. लांबवरून सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी जायची. तेव्हा एकेरी रूळ होता. एक गाडी स्टेशनात थांबून दुसरीला वाट द्यायची आणि थांबलेली गाडी कंटाळून शिट्टी मारायची. आबा पडल्या पडल्या सांगायचे, ही अमकी पॅसेंजर, आज अर्धा तास मागं शे. कुणाला कुठेच जायचं नसताना आम्ही त्या अर्ध्या तासाची काळजी करायचो.

तिचे वडील, ज्यांना सगळं गाव जिभाऊ म्हणायचं, एस.टी.त कंडक्टर होते. त्या काळी आमच्या दृष्टीने यापेक्षा मोठा हुद्दा नव्हता. खाकी कपडे, चामड्याची पट्ट्याची पिशवी, आणि तो पत्र्याचा पेटारा ज्यात रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे ओळीने उभे असायचे. ड्यूटीवरून आले की ते ओट्यावर बसून हिशेब जुळवायचे आणि त्या वेळी गल्लीतल्या कोंबड्यांनीसुद्धा गप्प बसावं अशी अपेक्षा असायची. चार आणे कमी आले की खिसा, पिशवी, पेटारा, परत खिसा. बेबीला पाढे कधी पाठ झाले नाहीत, पण सुटे पैसे ती न बघता बोटांनी मोजायची. जिभाऊंची मुक्कामी गाडी असली, म्हणजे रात्री ते बाहेरगावी थांबणार असले, की मोठी माय भिंतीवर दोन थापा मारायची. मोठी माय म्हणजे बेबीची आई. माझ्या आईपेक्षा वयाने थोरली, म्हणून मोठी माय. त्या दोन थापा म्हणजे आज सोबतीला या. मी आणि आजी अंथरूण काखोटीला मारून वर जायचो. आजीला रात्री धड दिसत नसे, मी नऊ वर्षांची. चोर आलाच असता तर आम्ही त्याला नेमकं काय केलं असतं हे मी पुष्कळदा योजून पाहिलं आहे.

चैत्र-वैशाखात दोन्ही घरांची मिळून बिबड्यांची घाई सुरू व्हायची. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड म्हटलं तर कळतं, पण तसं म्हणणं म्हणजे पुरणपोळीला गोड चपाती म्हणण्यासारखं आहे. ज्वारी ओलवून, कांडून, कोंडा काढून, दळून, पीठ भिजत घालून आंबवायचं. मग पहाटे चारला अंगणात तीन दगडांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात ते शिजवायचं. लसूण, जिरं, तीळ, मिरची, मीठ. पीठ घट्ट व्हायला लागलं की ढवळणाऱ्या बाईचे दंड भरून यायचे. एकीने ढवळायचं, दुसरीने पातेलं फडक्याने धरून ठेवायचं. माझी आई ढवळायची, मोठी माय धरायची, आणि दोघी त्या धुरात डोळे मिटून गावातल्या सगळ्या भानगडी एकमेकींना सांगायच्या. आम्ही झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायचो. तिथे जे शिक्षण झालं ते पुढे कॉलेजातही झालं नाही.

तो शिजलेला गरम घाटा, मधे बोटाने खड्डा करून त्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल. हे आमचं मजुरीचं वेतन. वाटीत दोघींना एकदम मिळायचं. खड्ड्यातलं तेल कुणाच्या बाजूने फुटतं यावर भांडण. ती तिच्या बाजूने घास असा घ्यायची की तेल आपसूक तिकडे ओघळावं, आणि मी हे रोज बघून रोज फसायचे. उजाडलं की खाटांवर ओली धोतरं पसरून बाया त्यावर पाण्याच्या हाताने बिबड्या थापायच्या आणि राखणीला आम्ही. कावळा, शेळी आणि शाळेला सुट्टी लागलेली गल्लीतली पोरं, अशा तीन शत्रूंपासून. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त नुकसान राखणदारांनीच केलं. अर्धवट वाळलेली बिबडी, कडेने कुरकुरीत आणि मधे चिवट, तिची गोडी तळलेल्या बिबडीला नाही. हे माझं ठाम मत आहे आणि मी ते कुठेही मांडायला तयार आहे. पण कडेकडेच्याच खायच्या, मधे भोकं दिसता कामा नयेत, ही अक्कल बेबीची. संध्याकाळी धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडून बिबड्या सोडवताना मोठी माय एकदा म्हणाली, "या साली धोतरच लहान व्हई गये वाटस."

श्रावणात कानबाई. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खान्देशात घरोघरी, भाऊबंदकीत मिळून कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, टिकली, साडी नेसवून देवी उभी करायची, रात्र गाण्यांत जागवायची आणि सोमवारी डोक्यावर चौरंग घेऊन, नाचत-वाजत नदीवर न्यायची. तिचा रोट आमच्याकडे असा, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. तेवढेच दळायचे, त्याचंच जे होईल ते रांधायचं आणि पौर्णिमेच्या आत संपवायचं. खायचं फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला कणही नाही.

बेबीचं घर आमच्या भाऊबंदकीतलं नव्हतं. वर्षभर एका वाटीत जेवणाऱ्या आम्हा दोघींना हे कळत होतं, पण पटत नव्हतं. त्या वर्षी मी पुरणपोळीचा चतकोर परकराच्या ओच्यात घालून धाब्यावर नेला. तिने खाल्ला. खाऊन झाल्यावर मात्र दोघींचं अवसान गळालं. आता काय होणार? देवी कोपणार म्हणजे नक्की कोणावर, देणारीवर की खाणारीवर? बेबीला लगेच पोटात दुखायला लागलं. तिचं दुखायला लागलं म्हणून माझंही. शेवटी मी रडत आजीला सगळं सांगितलं. आजी तपकिरीची चिमूट हातात धरून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोरीस्ना वाटा धरेलच नही. मंग कमी काय व्हनं?" मुठी मोजल्या त्या पुरुषांच्या. मुलींचा हिशेबच धरलेला नव्हता, तर घटलं काय? तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आजीचा आवाज तसा का लागला होता, हे कळायला मला स्वतःला मुलगी व्हावी लागली.

शाळेत दुसरीच भानगड. एक गुरुजी देशावरून बदलून आले होते. बेबीने उभं राहून विचारलं, "गुरुजी, पानी पेवाले जाऊ का?" गुरुजी हसले. नुसते हसले नाहीत, दोनदा म्हणायला लावलं. वर्गात कुणी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काय आहे ते कुणालाच कळलं नाही. आम्ही त्या दिवशी शपथ घेतली की आजपासून शुद्धच बोलायचं. घरी येताना रस्ताभर आम्ही "तू कुठे निघालीस ग?" "मी घरी निघाली आहे" असं चालवलं. गल्लीच्या तोंडाशी तिच्या पायात बाभळीचा काटा गेला. शुद्ध मराठीत कसं ओरडायचं ते तिला येईना. शपथ तिथेच संपली. पण खेळ म्हणून ते उरलं. भातुकलीत कधी आम्ही 'पुण्याच्या बाया' व्हायचो, आणि पुण्याच्या बाया झाल्यावर आम्हाला एकमेकींशी बोलायला काहीच सुचायचं नाही.

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरीच्या कोरड्या पात्रात, वाळूवर. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. आबा आम्हाला बैलगाडीने न्यायचे आणि दर वर्षी न चुकता प्रताप हायस्कूलवरून गाडी काढून सांगायचे की 1924 ते 1930 साने गुरुजी इथे शिक्षक होते, वसतिगृहात पोरांच्या खोल्या स्वतः झाडायचे. आमचं लक्ष पाळण्यांकडे. एका यात्रेत दोन्ही आयांनी आमच्यासाठी चांदीचे पैंजण घेतले. एकाच सराफाकडे, एका वजनाचे, एका नक्षीचे, कारण वेगळे घेतले असते तर कुणाचे चांगले यावर वर्ष गेलं असतं. पुढची गोष्ट त्या पैंजणांची.

दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू व्हायची आणि दिवाळीपर्यंत पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरायची. कोठार असं वेगळं नव्हतंच. आम्ही त्या ढिगाच्या कडेकडेने वावरायचो, जेवायचो, अभ्यास करायचो. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस बाजारात कुणालाही विकायचा नाही, सरकारी केंद्रावरच घालायचा. केंद्रावर गाड्यांची रांग लागायची आणि आबा एकेकदा दोन-दोन रात्री बैलांजवळ घोंगडी पांघरून काढायचे. आपला नंबर लागेपर्यंत कापूस घरात. आबांच्या कपाळावरची ती आठी आम्हाला दिसायची, पण तिचा अर्थ आमच्यापुरता एवढाच होता की ढीग अजून आठवडाभर राहणार.

ढिगात उडी मारायला सक्त मनाई होती. कापूस दबतो, मळतो, त्यात पाचोळा मिसळला की भाव कमी लागतो. म्हणून आम्ही दुपारी, घर शेतात गेलं की, उड्या मारायचो. सरीला लोंबकळायचं आणि हात सोडायचे. छातीपर्यंत आत जायचं. आत ऊब असते, सरकीचा तेलकट वास असतो आणि बाहेरचा आवाज एकदम थांबतो. आपण ओरडलो तरी आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. श्वास कोंडायला लागला की वर यायचं, केसांत पाकळ्या, पापण्यांवर तंतू, आणि रात्री सर्वांगाला खाज. आया विचारायच्या, एवढी का खाजवतेस? आम्ही सांगायचो, डास.

अशाच एका दुपारी बेबी वर आली ती एक पाय वाजत नसलेली. उजव्या पायातला पैंजण आत राहिला होता. आम्ही संध्याकाळपर्यंत तो ढीग उपसला. हातभर कापूस बाजूला केला की वरून दोन हात घसरायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी भरायची होती. रात्रभर मला गाडीच्या साट्यात ठासला जाणारा कापूस दिसत होता. सकाळी गाडी गेली. बेबी धाब्यावर बसून होती, रडतही नव्हती. मी माझा एक पैंजण काढून तिच्या पायात घातला. एकाच सराफाकडचे, त्यामुळे कुणाला ओळखू येणार नव्हतं.

पण आता पैंजण तीन आणि पाय चार. त्याची आम्ही व्यवस्था लावली. जिच्या घरात त्या दिवशी धोका जास्त, तिच्या पायात दोन. मोठी माय घरी असली की बेबीकडे दोन, माझी आई न्हाऊ घालणार असली की माझ्याकडे दोन. दुसरीने परकर जरा खाली नेसायचा आणि वाजत्या पायावर बेताने जोर द्यायचा. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी अदलाबदल. पेच सैल झाले म्हणून दोरा बांधायचा, तो सोडायला दात लावायचे. अकरा दिवस हे चाललं. आम्हाला वाटलं, हे असंच जन्मभर चालवता येईल.

बाराव्या दिवशी आम्ही दोघी वरच्या घरात शिरलो. मोठी माय चुलीसमोर पाठमोरी बसली होती, कळण्याची भाकरी थापत. तिने मान वळवली नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि म्हणाली,

"आज कोन्हा पाय मुका शे?"

आम्ही जागच्या जागी. तिने भाकरी उलटली, आराला लावली, ती फुगली. मग शांतपणे सांगायला लागली. गुरुवारी तुझा उजवा, शुक्रवारी हिचा डावा, रविवारी परत तुझा. पहिल्या दिवसापासून तिला ऐकू येत होतं. ती नुसती वाट बघत होती की या पोरी कुठवर नेतात. मार पडला नाही. तिने तिन्ही पैंजण काढून घेतले, कुंकवाच्या डब्यात टाकले आणि म्हणाली, "आते चारी पाय मुका. जेवाले बसा." माझ्या आईला तिने काय सांगितलं, कधी सांगितलं, ते मला आजतागायत माहीत नाही. आईने पैंजणांचा विषय कधी काढलाच नाही, एवढंच.

आबांना केंद्रावरून परत आल्यावर मी आडून आडून विचारलं होतं, कापसात कधी काही सापडतं का? ते म्हणाले, सापडतं ना, विंचू. पुढे कधीतरी मोठेपणी आम्ही दोघी हसत हसत त्या पैंजणाचा प्रवास लावायचो. जिनिंगमध्ये यंत्राचे दात मोडले असतील. किंवा रुईच्या गठाणीत दबून कुठल्या तरी मिलमध्ये गेला असेल. सुरतेलाच गेला असेल, बेबी म्हणायची, माझ्याआधी.

कारण ती सुरतेला गेली. आमच्याकडच्या किती तरी घरांतलं कुणी ना कुणी सुरतेला, उधन्याला, लिंबायतला मागावर कामाला. रात्रीची गाडी धरली की पहाटे तिथे. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, तेव्हा मी बारावीच्या परीक्षेतून नापास होऊन घरीच होते, त्यामुळे पाठराखीण म्हणून मलाच धाडलं. सोबत. मधल्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी पुढे नाशकात आले, नोकरी, संसार, आजारपणं. तिच्याही हेच, फक्त गुजरातीत. काही वर्षं आम्ही एकमेकींना पत्रही लिहिलं नाही. त्याची खंत दोघींनाही नाही, आणि यावर इतर लोक नवल करतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र शक्यतो माहेरी. निंबाला झोके बांधलेले असतात, घागरीवर डांगर ठेवून पितरांना पूजलेलं असतं, आंब्याचा रस आणि सांजोऱ्या. त्या दोन दिवसांत काय बोलायचं ते बोलून होतं. बरंचसं न बोलताच होतं, कारण हात कामात असतात.

आता आमचं धाब्याचं घर नाही, वर स्लॅब टाकला. रुळांची जोडी झाली, तेव्हा गाड्या थांबून शिट्ट्या मारत नाहीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि नाशकात शेजारणी मला विचारतात, ते तुमच्याकडचं हिरवं वांगं कुठे मिळेल हो? मिळतं. पऱ्हाट्या मिळत नाहीत. कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजल्याशिवाय त्याला तो वास येत नाही, आणि गॅसवर भाजलेलं भरीत मी खाते, पण त्याला भरीत म्हणत नाही. गल्लीत आता एकही बेबी नाही. मुलींना चांगली चांगली नावं आहेत आणि त्याच नावांनी त्यांना हाका मारतात.

मोठी माय अजून आहे. जिभाऊ गेले, आबा गेले, माझी आई गेली. ती आहे. डोळे काचबिंदूने नेले, पाय घरातल्या घरात पुरतात. ओट्याच्या आतल्या अंगाला खाटेवर बसलेली असते आणि गल्लीतून कोण गेलं ते चपलेवरून सांगते. कुणी चुकीचं नाव सांगून फसवायचा प्रयत्न केला तर म्हणते, बरं बरं, आणि जाणाऱ्याच्या आजोबाचं नाव घेते.

या आखाजीला आम्ही दोघी अमळनेर स्टेशनवर भेटलो. ती सुरतेकडून, मी नाशिकहून आलेली. तिथून एकच रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी उतरलो. माझ्या पायात आता गुडघ्याचं दुखणं, तिच्या पायात सपाट, डॉक्टरी चपला, चालताना आवाजच होत नाही. मी पिशव्या घेऊन पुढे झाले. ती मागे राहिली, रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून वाद घालत. जिभाऊंची मुलगी. सुटे पैसे हा त्या घराण्याचा विषय आहे.

मी ओटा चढले. मोठी मायने मान वर केली.

"कोन शे?"

"बेबी."

"कोनती?"

जुनी खोड. मी म्हटलं, "वरची."

ती थोडा वेळ गप्प राहिली. तोंडात दात नाहीत, ओठ नुसते हलले.

"वरची आशी चालस नही," ती म्हणाली. मग हात पुढे करून तिने माझं मनगट चाचपलं, पिशवीचा बंद चाचपला, आणि माझ्या मागे दाराच्या दिशेने कान दिला. बाहेर वाद अजून मिटला नव्हता, पण तो तिला ऐकू आला की नाही कोण जाणे.

"एकलीच उनी का व? सोबत कोन शे?"

"बेबी शे ना," मी म्हटलं.